वस्तीचा हापसा, गावाचा ठराव

अंबड, नाशिक
१२ फेब्रुवारी २०००

प्रिय सुलाआत्या,
सप्रेम जय भीम.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. सहा ओळी, आणि सहाही तुझ्या हातच्या! सात वर्षांपूर्वी साक्षरता वर्गात पाटी पालथी करून "मला नाय जमायचं" म्हणत उठून गेली होतीस, ते आठवून हसू आलं. बाबांनी ते कार्ड कारखान्यात नेलं. "माझी बहीण लिहिते" असं सांगत दोन दिवस खिशात घेऊन फिरत होते.

आता माझी बातमी. मला नोकरी लागली. ग्रामपंचायतींच्या सरपंचांना आणि सदस्यांना शिकवणारं एक केंद्र आहे, तिथे. कायम नाही, पण काम माझ्या मनासारखं आहे. ग्रामसभेवर एक पुस्तिका तयार करायचं काम माझ्याकडे दिलंय.

शिवाय राज्यशास्त्राच्या एम. ए.ची परीक्षा एप्रिलमध्ये. सध्या एककेंद्री राज्यपद्धती वाचते आहे. काही देशांत सगळी सत्ता राजधानीत असते. जिल्ह्याला, गावाला राजधानी देईल तेवढाच अधिकार, आणि मनात आलं की ती तो काढूनही घेते. आपल्याकडे राज्यांना त्यांचे अधिकार घटनेनंच दिलेत, तरी सवय वरून हुकूम येण्याचीच. सुरगाण्याच्या डोंगरात आणि पिंपळगावच्या द्राक्षबागांत एकाच नमुन्याचा कागद जातो. विहीर कुठे खणायची हे, ज्यानं गाव पाहिलेलं नाही, तो ठरवतो. आता कायदा बदललाय. ग्रामसभेला अधिकार मिळालेत. मला खरंच वाटतं, आपल्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

तळेवाडगावच्या ग्रामसभेत काय चालतं, ते मला लिही. तू जातेस ना?

तुझी,
भाग्यश्री

*

तळेवाडगाव, ता. दिंडोरी
३ मार्च

चि. भाग्याला आत्याचा जय भीम आन आशीर्वाद.

नोकरी लागली, लय आनंद झाला. तुझ्या मामांनी वस्तीत साखर वाटली. द्राक्षाची खुडणी चालू हाय म्हनून पत्राला उशीर. तीन बैठकीत लिव्हते हाय.

तू लिव्हतीस गावाच्या हाती सत्ता आली. बाई, गाव म्हंजे कोन? वढ्याच्या पलीकडं गाव, अलीकडं आपली वस्ती. गावाच्या हाती म्हंजे सहादूअण्णांच्या हाती. त्ये सरपंच नसले तरी त्येंचाच शब्द, आन आता तर सरपंचच हायेत.

तू ल्हान व्हतीस तव्हा आपल्याला हापसा नव्हता. गावाच्या आडावर आमी हंडे ठिवून लांब बसायचो. कोनी वतलं तर वतलं. गावाला म्हनलं वस्तीत पानी द्या, गाव म्हनलं बघू. बघू बघू म्हनत सा वर्सं गेली. मंग नाशकाला साहेबाला अर्ज दिला. त्येला मराठी बी धड येत नव्हती. अण्णा म्हनले, हापसा देवळापाशी घ्या, समद्यांच्या सोयीचं. साहेब म्हनला, नाय, मंजूर वस्तीला हाय, वस्तीतच व्हईल. तव्हापासून चवदा वर्सं पानी आटलं नाय. गावाचा आड मार्चात कोरडा, आपला हापसा जूनपस्तोर चालतो. म्हनून मला तर लांबचा साहेबच बरा वाटतो. त्येनं आपलं गाव पाह्यलं नव्हतं, म्हनून तर हापसा दिला.

सभेचं विचारतीस. सभा मारुतीच्या पारावर. आपन तिथं कुठं बसनार? पन हजेरी भरती. पंचायतीचा शिपाई चंदर वही घिऊन घरोघर येतो, आंगठे घेतो. "सुलाबाई, झाली तुमची सभा" म्हनतो. मी म्हनते काय ठरलं रं? तर म्हनतो, "चहा चांगला व्हता."

भावाला म्हनावं तब्येत संभाळ.

तुझी आत्या,
सुला

*

अंबड, नाशिक
२० मार्च

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. हापशाची गोष्ट मला कुणी सांगितलीच नव्हती. पण आत्या, एक साहेब चांगला भेटला म्हणून सगळी सत्ता साहेबांकडेच ठेवायची का? पुढचा वाईट निघाला तर? तो नाशिकला बसणार, वर्षा-दोन वर्षांत बदली होऊन जाणार. त्याला तू कुठे शोधशील? सहादूअण्णा निदान रोज समोर दिसतात. त्यांना जाब विचारता येतो.

विचारत नाही, हे खरं. पण कायदा आपल्या बाजूनं आला, आता विचारायची सवय आपण लावायची. माझं एक ऐक. अंगठा देणं बंद कर. ज्या बाईला लिहिता येतं तिनं अंगठा का द्यायचा? तुझी सही म्हणजे तुझं मत. चंदर आला की पेन माग आणि ठसठशीत सही कर. तुझ्याकडे बघून बाकीच्यांनाही धीर येईल. सत्ता अशीच खाली उतरते, एकेका सहीनं.

परीक्षेचा अभ्यास चालू आहे. आई म्हणते, पुस्तकातून मान वर काढ.

तुझी,
भाग्यश्री

*

तळेवाडगाव
५ मे

चि. भाग्याला जय भीम.

एक मेची सभा झाली. चंदर वही घिऊन आला. शाईचा डबा पुढं केला. मी म्हनलं, पेन दे. म्हनला, "पेन कशाला, तुमाला काय अर्ज करायचाय का?" मी म्हनलं, दे तर खरं. सगळ्या बाया गोळा झाल्या. नाव पुरं लिव्हलं. सुलाबाई पुंजाराम पगारे. चंदर बघत ऱ्हायला. नवसाबाई म्हनली, "आता कलेक्टरीन झाली गं बया." माझ्या खाली मंग समद्यांनी पटापटा आंगठे दिले. येरवी भिमाबाई आंगठा द्यायला कुरकुर करती, ती बी म्हनली, सुलाबाईनं केलं ना, मंग माझा बी घे.

कागद कशाचा म्हनलं तर म्हनला हजेरीचा.

पेपर कसे गेले?

तुझी आत्या,
सुला

*

अंबड, नाशिक
२८ मे

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. माझ्या साहेबांनी टाळी वाजवली.

आणि ऐक, गेल्या आठवड्यात आमच्याकडे दिंडोरी तालुक्यातल्या सरपंचांचं शिबिर होतं. सहादूअण्णा आले होते. मी तुझी भाची हे कळल्यावर म्हणाले, "म्हणजे आमच्या गावचीच पोर की." मग उभे राहून सगळ्यांना त्यांनी गावची गोष्ट सांगितली. दर उन्हाळ्यात गावातल्या बाया मळ्यामळ्यांतून पाणी आणायच्या. तालुक्याला किती अर्ज केले, काही झालं नाही. शेवटी एक मेच्या ग्रामसभेत गावानंच ठरवलं. गावात होतं त्याच पाण्यावर मोटर बसवली, टाकीत सोडलं, नळ काढले. वर कुणाला विचारलं नाही. म्हणाले, "ठराव सर्वानुमते झाला. वस्तीतल्या बायांच्या सुद्धा सह्या आहेत."

आत्या, त्यातली एक सही तुझी! पुस्तिकेत पहिलंच पान तळेवाडगावचं घेतलंय. "वरून आदेश न येता" असं नावही दिलं. पंधरा ऑगस्टपूर्वी छापून जिल्ह्यातल्या प्रत्येक पंचायतीत जाईल.

तुझ्या दारात नळ आला का? कसं वाटतं, ते लिही. तुझे शब्द मी त्या पानावर टाकीन.

तुझी,
भाग्यश्री

*

अंबड, नाशिक
२ जुलै

प्रिय आत्या,

महिना झाला, तुझं पत्र नाही. बरी आहेस ना? माझा निकाल लागला. पहिला वर्ग. आपल्या घरात बी. ए. मीच पहिली, आता एम. ए.ही. बाबा बाहेर जाऊन उभे राहिले.

पुस्तिका छापायला गेली. तुझ्या दोन ओळी हव्या होत्या, पण थांबता आलं नाही.

लिही गं.

भाग्यश्री

*

तळेवाडगाव
१४ जुलै

चि. भाग्याला जय भीम.

पास झालीस, वस्तीत समद्यांना सांगितलं. तुझी आजी आज पायजे व्हती.

मी बरी हाय. हात दुखतो म्हनून लिव्हलं नाय. नळ आलाय. पानी येतं तव्हा येतं. भिमाबाईच्या कंबरेत उसन भरली, चालत नाय ती. बाकी ठीक.

आत्ता येऊ नको. रस्त्यात लय चिखल हाय. तुझं पुस्तक चांगलं होऊ दे. तुझं नाव व्हईल त्यात आमाला समदं आलं.

सुला

*

अंबड, नाशिक
७ ऑगस्ट

आत्या,

शुक्रवारी मी तळेवाडगावला येऊन गेले. तू आणि मामा मळ्यात होता, भेट झाली नाही. बरं झालं. तुझ्यासमोर मला काही बोलता आलं नसतं.

पुस्तिकेचा गठ्ठा पंचायतीत द्यायला आले होते. वाटलं आधी वस्तीत जावं, पहिली प्रत तुला द्यावी. हापशाच्या जागी लोखंडी झाकण. त्यातून केबल आणि पाइप बाहेर आलेला, ओढ्यावरून गावाकडे गेलेला. वस्तीत एक नळ, त्याला फडकं बांधलेलं. नवसाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "त्याला पानी येतं गं. गावाची टाकी भरून सांडली म्हंजे. अजून सांडली नाय." मग म्हणाल्या, भिमाबाई खालच्या मळ्यातल्या विहिरीवरून हंडा आणताना घसरली.

मी पंचायतीत गेले. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी वही दिली, त्यांना काही लपवायचं नव्हतं. "वस्तीतील हातपंप काढून बोअरवर विद्युत मोटर बसवणे व पाणी गावच्या टाकीत घेणे. ठराव सर्वानुमते मंजूर." खाली सह्या. पानाच्या मध्यावर वस्ती सुरू होते. पहिलं नाव तुझं.

मला तुझा राग आला. एस. टी.त बसून नाशिकपर्यंत राग होता. वाचता येतं, मग वाचलं का नाही? घरी येऊन माझं मार्चचं पत्र आठवलं. सही कर, असं मी लिहिलं होतं. आधी वाच, असं कुठेही लिहिलं नव्हतं. आणि मे महिन्यात तू स्पष्ट लिहिलंस की कागद हजेरीचा म्हणून सांगितला. ती ओळ मी ऑफिसात मोठ्यानं वाचली होती. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी एम. ए.च्या पेपरात दिल्लीपासून गावापर्यंतचं अंतर मोजत होते. ओढ्याचं अंतर मोजलंच नाही.

आता दोन रस्ते आहेत. जिल्ह्याच्या ऑफिसात अर्ज केला तर हापसा परत बसवायचा आदेश निघू शकतो. तो वस्तीसाठी मंजूर होता, फाइल मिळेल. पण मग वरून आदेश आणणारी मीच. ज्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मी उलटं लिहिलंय, तिच्या सातशे प्रती अजून वाटायच्या आहेत. दुसरा रस्ता ग्रामसभेचा. पंधरा ऑगस्टला आहे.

काय करू, सांग. तू सांगशील ते करीन.

भाग्यश्री

*

तळेवाडगाव
१७ ऑगस्ट

चि. भाग्याला जय भीम.

तुला सांगितलं नाय कारन लाज वाटली. मोटर बसवायला मानसं आली तव्हा आमी आडव्या झालो. चंदरनं वही आनून दाखवली. म्हनला, "ह्ये बगा, सुलाबाईनंच सही केली." समद्या माझ्याकडं बघाया लागल्या. कोनी एक शबूद बोललं नाय. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. भिमाबाई पडली तव्हा मी तिच्या घरी भाकरी घिऊन गेले, तिनं घेतली, पन तोंड भिंतीकडं.

तुझं पत्र बारा तारखेला आलं. मी त्ये पत्र वस्तीत वाचून दाखवलं. समदं. तू मला रागावलीस त्ये बी. मंग बोलनं सुरू झालं. भिमाबाई म्हनली, "मंग आता काय, सभेला जायचं का नुसतं वाचत बसायचं?"

सदतीस जन गेलो. तेवीस बाया, चवदा बापे. पारापाशी उभं ऱ्हायलो तर अण्णा म्हनले, "या या, बसा की." पार भरलेला. कोनी सरकंना. मंग नवसाबाई सरळ वर चढली आन दोन मानसांच्या मधी बसली. तिला सत्तर वर्सं. तिला उठ म्हनायला कोनाची जीभ रेटली नाय. मंग आमी समद्या.

मी उठून म्हनलं, ठरावाचा कागद हजेरीचा म्हनून सह्या घेतल्या. भाऊसाहेब म्हनले, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमी वाचलं नाय तर त्यात पंचायतीची काय चूक?" मला उत्तर आलं नाय. तुझे मामा म्हनले, "झालं त्ये झालं, आता परत मत घ्या." अण्णा म्हनले, घेऊ. म्हनले, "गावातल्या बाया बी मानसंच हायेत. त्येंनी चवदा वर्सं कोरडा आड पाह्यला. एकट्या वस्तीनं पानी ठिवायचं ह्यो कुठला न्याय?" खोटं नाय बोलले त्ये. पन आमी कवा आडवलं व्हतं? उन्हाळ्यात हापशावर गावातल्या बाया यायच्याच की. आमी त्येंना लांब बसवलं नाय.

हात वर केले. आपले सदतीस. गावाचे एकसष्ट. फुलाबाई माळीन आपल्या बाजूनं हात वर करीत व्हती, तिच्या नवऱ्यानं धरला.

उठताना अण्णा मला म्हनले, "सुलाबाई, गावाचा अधिकार गावाला, ह्ये तुमच्या भाचीनंच आमाला शिकवलं. मी इसरलो नाय."

आता तू काय करायचं विचारतीस. बाई, तुझं पुस्तक खरं का खोटं त्ये मला कळत नाय. भिमाबाईच्या सुनेला सातवा म्हयना हाय आन ती मळ्यातून हंडा आनती. तू अर्ज कर. वरून येऊ दे, खालून येऊ दे, पानी येऊ दे.

सुला

*

अंबड, नाशिक
२४ सप्टेंबर

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

आदेश निघाला. प्रत सोबत जोडली आहे, नीट वाच. हापसा वस्तीसाठी मंजूर होता, म्हणून परवानगीशिवाय तो काढता येत नव्हता, असं त्यात आहे. एक महिन्यात परत बसवायचाय. गावासाठी देवळामागे वेगळा बोअर घ्यायचाही शेरा आहे. तो मी अर्जात मुद्दाम मागितला होता. फुलाबाईंसाठी.

आदेश कसा निघाला तेही सांगते. पाच वेळा गेले. सहाव्या वेळी ज्या बाईसाहेब नव्यानं आल्या होत्या, त्यांनी फाइल उघडून दहा मिनिटांत सही केली. तळेवाडगाव कुठे आहे, हेही त्यांना माहीत नव्हतं. आधीच्या साहेबांनी पाच वेळा "बघू" म्हटलं होतं. म्हणजे तुझं पाणी कोण खुर्चीत बसलंय, यावर ठरलं. तिकडे गावात एकसष्ट हातांवर. आत्या, मला दोन्हींचा सारखाच धाक वाटायला लागलाय.

पुस्तिकेचं पहिलं पान मी काढायला लावलं. साहेब म्हणाले, एका गावासाठी सातशे प्रती फाडायच्या का? मी म्हटलं, मी एकटीनं फाडते. चार दिवस लागले. त्या जागी सदतीस आणि एकसष्टची हकीकत लिहून दिली. साहेबांनी ती छापली नाही. म्हणाले, लोकांचा ग्रामसभेवरचा विश्वास उडेल. पुस्तिका आता दुसऱ्या पानापासून सुरू होते.

मला मात्र हरल्यासारखं वाटतं. पाणी मिळालं याचा आनंद आहे. पण ज्या दारात जाऊ नये असं मी इतके महिने शिकवलं, त्याच दारात जाऊन हात जोडले. सव्वीस जानेवारीच्या सभेला मी येते. वस्तीच्या बाजूनं मी बोलेन. कायदा मला पाठ आहे. यावेळी भाऊसाहेबांना उत्तर मिळेल.

तुझी,
भाग्यश्री

*

तळेवाडगाव
१२ नोव्हेंबर

चि. भाग्याला आत्याचा जय भीम आन आशीर्वाद.

हापसा बसला. सोमवारी मानसं आली, दिवसभर खटपट केली. पहिलं पानी लाल आलं, मंग नितळ. भिमाबाई काठी टेकत आली आन म्हनली, मला मारू द्या. आता बोलती माझ्याशी. सुनेला मुलगी झाली.

आदेश मी वाचला. चार दिवस लागले, पन समदा वाचला. मंग वस्तीत वाचून दाखवला.

आता बाकीचं ऐक. द्राक्षाच्या छाटनीला अण्णांच्या मळ्यात दरसाल वस्तीच असती, औंदा आमाला बोलावलं नाय. पिंपळगावकडून दुसरी टोळी आनली. तुझे मामा मोहाडीला जातात कामाला. देवळामागचा बोअर अजून झाला नाय, म्हनून गावातल्या बाया आमच्याकडं रागानं बघतात, आन हंडा घिऊन हापशावर बी येतात. फुलाबाई पहिली आली. येऊ दे म्हनलं. दोन आक्टोबरच्या सभेचं आमाला कोनी सांगितलं नाय, चंदर वही घिऊन बी आला नाय. आमाला पंचायतीच्या फळ्यावर वाचून कळलं. गेलो. एकोनीस जन गेलो, बाकीच्यांना लांब कामं लागली व्हती. पारावर बसलो. काय ठराव नव्हता आपला. नुसतं बसलो, चहा प्यालो, ऐकलं. चहा खरंच चांगला असतो.

तू म्हनतीस हरल्यासारखं वाटतं. मला तसं वाटत नाय. पन जिंकलो असं बी नाय. आज कागद हाय म्हनून पानी हाय. त्या बाईसाहेब उद्या बदलून जातील. दुसरा येईल त्यो बघू म्हनंल. सहादूअण्णा कुठं जानार नायत. त्येंचं घर हितंच हाय आन आपलं बी हितंच. मला त्येंच्याशीच बोलावं लागनार, मी मरूस्तोर.

म्हनून एक सांगते, राग धरू नको. सव्वीस जानेवारीला तू येऊ नको. येरवी कधी बी ये, घर तुझंच हाय. पन सभेला नको. तू आलीस की भाऊसाहेब तुझ्याकडं बघून बोलनार, अण्णा बी तुझ्याकडं बघून बोलनार, आन आमी तुझ्या मागं बसून तुझं तोंड बघनार. परत आमचं कोनीतरी दुसरंच बोललं असं व्हईल. मला त्या दिवशी भाऊसाहेबांना उत्तर आलं नाय. पुढच्या वेळी बी कदाचित येनार नाय. पन त्येंनी मला विचारावं आन माझ्या उत्तराची वाट बघावी, एवढं झालं पायजे.

कायद्याचं त्ये पुस्तक हाय ना तुझ्याकडं, त्ये पाठव. मोठ्या अक्षरातलं असंल तर बरं.

तुझी आत्या,
सुलाबाई